सात किलोंचं मिलिंग

कोल्हापुरात कुणी घरच्या टेबलावर बसणारं सीएनसी यंत्र घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" प्रश्न रास्त आहे. शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथ, शेपर आणि ड्रिलचे आवाज पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीत चार-पाच टनांची व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर) यंत्रं रात्रपाळीतही थांबत नाहीत. ड्रॉइंग आणि मटेरियल घेऊन ओळखीच्या शॉपमध्ये गेलं की काम होतं. मग सात-आठ किलो वजनाचं, दोन हातांत उचलता येणारं, खेळण्यासारखं दिसणारं यंत्र विकत कशासाठी आणायचं?

परदेशी नवशिक्यांसाठी लिहिलेली पुस्तकं आपल्याला इथंच तोकडी पडतात. तिकडचा माणूस आपल्या गॅरेजात एकटा असतो. ॲल्युमिनियमची एक पट्टी कापायची तरी त्याला दुसरा इलाज नसतो, म्हणून तो त्या छोट्या यंत्राकडून धातू कापून घेण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. आपल्याकडे धातू कापणारे शेजारी आहेत, ओतणारेही आहेत. तेव्हा कोल्हापुरातल्या नवशिक्यानं हे यंत्र धातू कापायला घेऊच नये, असं माझं मत आहे. धातूच्या आधीचं जे काम असतं, म्हणजे पॅटर्न, टेम्प्लेट, ड्रिल जिग, नमुन्याचा तुकडा, ते या यंत्राचं खरं क्षेत्र. आणि ते करताना जे शिकायला मिळतं ते पुढं कुठल्याही मोठ्या यंत्रावर कामाला येतं.

यंत्र इतकं स्वस्त झालं कसं, हे आधी थोडक्यात पाहू. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी गावात जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवत असे. पात्याचा वळसा अचूक यावा म्हणून त्यानं वक्रावरच्या बिंदूंचे आकडे गणनयंत्रावर काढून घेतले आणि मिलिंग मशिनवर माणसं उभी केली. एकानं तक्त्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं एक्सचं चाक फिरवायचं, तिसऱ्यानं वायचं. या तीन माणसांची जागा यंत्रानं घ्यावी, ही सगळ्या सीएनसीमागची कल्पना. १९५२ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेनं भोकं पाडलेल्या पट्टीवरून आकडे वाचणारं मिलिंग मशिन चालवून दाखवलं. त्याचा कंट्रोल कपाटांएवढ्या पेट्यांत मावला होता.

ती कपाटं आज तळहातावर मावणाऱ्या आर्डुइनो बोर्डात आली आहेत. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या तरुणानं जीआरबीएल नावाची प्रणाली लिहून सर्वांसाठी खुली केली. ती यंत्राच्या हुकमांची, म्हणजे जी-कोडची, ओळ वाचते आणि तीन मोटारींना किती पावलं टाकायची ते सांगते. बाजारात '३०१८' या नावानं मिळणारी बहुतेक यंत्रं हिच्यावर चालतात. कंट्रोलचा खर्च असा जवळजवळ संपला, आणि उरला फक्त लोखंड-ॲल्युमिनियमचा.

महाराष्ट्रात ही हवा कोल्हापूरच्या आधी एका खेड्यात पोचली होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं, ही त्यांची पद्धत. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांनी २००२ मध्ये तिथं फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची छोटी प्रयोगशाळा, उभी करायला मदत केली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळची गणना होते. या प्रयोगशाळांच्या ठरलेल्या यंत्रसंचात सर्किट बोर्ड कोरणारं टेबलावरचं छोटं मिलिंग असे. आज पंधरा-वीस हजार रुपयांपासून मिळणारं ३०१८ हा त्याच जातीचा गरीब भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

आता यंत्राकडे वळू. ३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिलीमीटरचं काम. उंचीचा प्रवास ४५ मिलीमीटर लिहिलेला असतो, पण कटरची लांबी आणि जॉबची जाडी वजा जाता हाताशी वीसेक उरतात. तीन अक्षांना तीन स्टेपर मोटारी. मोटारीच्या एका फेरीत २०० पावलं. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३,२००. मोटारीला जोडलेला स्क्रू एका फेरीत सहसा ४ मिलीमीटर पुढं जातो. ३,२०० भागिले ४, म्हणजे मिलीमीटरला ८०० पावलं. एक पाऊल सव्वा मायक्रॉनचं! विक्रेते हाच आकडा पुढं करतात आणि नवशिका हरखून जातो.

त्या आकड्यावर जाऊ नये. सव्वा मायक्रॉन ही फक्त हुकमाची बारकाई झाली. कटरचं टोक प्रत्यक्षात कुठं जातं ते यंत्राच्या ताठपणावर ठरतं, आणि सात किलोंच्या यंत्रात ताठपणा येणार कुठून? कटर लाकडात शिरला की लाकूड त्याला मागं ढकलतं. त्या जोरानं स्पिंडलची पट्टी वाकते, गोल रॉड वाकतात, प्लास्टिकचे कोपरे पिळवटतात. चालत्या एसटीत सही करावी तसं होतं ते: हात आपलाच, पेन चांगलं, आणि रेघ भलतीकडे. व्हीएमसीचा बेड बिडाचा आणि टनावारी वजनाचा असतो तो उगाच नव्हे.

म्हणून यंत्र निवडताना बोर्डावरचे दिवे आणि सोबतचं सॉफ्टवेअर पाहू नये. स्पिंडल हातात धरून हलवून बघावं. किती लचकतो? कोपरे प्लास्टिकचे की ॲल्युमिनियमचे? कटर पकडायला ईआर-११ कोलेट आहे का? मोटारीच्या दांड्यावर नुसती पितळी टोपी बसवून स्क्रूनं आवळायची सोय असेल तर कटर डगडगत फिरतो आणि तुटतो. लिमिट स्विच असले तर उत्तम, नसले तरी नंतर लावता येतात. थोडे जास्त पैसे गेले तरी जाड पट्ट्यांचं यंत्र घ्यावं, आणि सगळे पैसे यंत्रातच घालू नयेत. चांगला व्हर्निअर, छोटा गुण्या, डझनभर कटर, एमडीएफच्या फळ्या, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, शक्य झालं तर मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल, हेही त्याच हिशेबात धरायचं. कटरची मूठ ३.१७५ मिलीमीटरची असते, म्हणजे सुताराचं एक सूत.

यंत्र जोडून झालं की लगेच कटर लावायची घाई करू नये. पहिली कामगिरी बॉलपेनची. स्पिंडलच्या जागी पेन बांधायचं, खाली कागद चिकटवायचा आणि शंभर मिलीमीटरचा चौरस काढायचा. व्हर्निअरनं बाजू मोजायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत फरक निघाला तर एक्स आणि वाय काटकोनात नाहीत. स्क्रू ढिले करून फ्रेम पुन्हा बसवावी लागेल. मग एक वर्तुळ काढायचं. वर्तुळाच्या चार दिशांना छोटे सपाट टप्पे दिसले तर स्क्रू आणि नटमध्ये प्ले आहे. मोटार उलटी फिरायला लागते, पण नट चालायला लागेपर्यंत थोडी फेरी फुकट जाते. उद्यमनगरातला कुठलाही जुना टर्नर हा प्ले हँडलवर हाताला जाणवून ओळखतो. नवशिक्याला कागदावरचं वर्तुळ तेच शिकवतं, तेही आठ आण्यांच्या कागदात.

मग येतं झीरो घेणं. यंत्राला आपला जॉब कुठं आहे हे ठाऊक नसतं. ते आपणच सांगायचं असतं. बिछान्यावर एमडीएफची एक बळीची फळी, म्हणजे कटर रुतला तरी चालेल अशी, कायमची बसवून, त्यावरून कटर फिरवून ती यंत्राच्याच हिशेबानं सपाट करून घ्यायची. जॉब तिच्यावर बांधायचा, दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं किंवा क्लॅम्पनं. स्पिंडल बंद ठेवून कटर जॉबच्या वर आणायचा आणि मधे साध्या कागदाचा कपटा धरायचा. कटर मिलीमीटरच्या दहाव्या भागानं खाली आणत कपटा बोटानं सरकवत राहायचं. एका पायरीला कपटा अडखळतो, ओढला तर निघतो पण घासतो. कागद साधारण ०.१ मिलीमीटरचा, तेव्हा पृष्ठभाग तेवढाच खाली आहे. तो आकडा झेडला द्यायचा. हीच युक्ती व्हीएमसीचा सेटर आजही वापरतो. त्याच्याकडे महागडा प्रोब असतो, पण तो नादुरुस्त झाला की हात कागदाकडेच जातो.

क्लॅम्पबद्दल एक सूचना. यंत्राला क्लॅम्प दिसत नाही. कटरच्या वाटेत क्लॅम्पचा बोल्ट आला तर ते सरळ त्यात घुसतं, कटर मोडतो, आणि कधी कधी मोटार पावलं चुकवते. स्टेपरला मागं वळून पाहायची सोय नसते. आपण कुठं आहोत ते यंत्र फक्त टाकलेल्या पावलांवरून मोजतं. शंभर पावलं चुकली तरी त्याला पत्ता लागत नाही, आणि पुढचा सगळा जॉब मिलीमीटरच्या आठव्या भागानं सरकतो. मधेच वीज गेली तरी तोच प्रकार. त्यामुळं झीरोची जागा परत सापडेल अशी ठेवावी: बळीच्या फळीवर दोन भोकं पाडून पिना बसवल्या की जॉब पुन्हा त्याच जागी बसतो.

जी-कोडची भीती बाळगायचं कारण नाही. रोजच्या कामात पाच-सहा हुकूम येतात. जी-०० म्हणजे हवेतून पळ. जी-०१ म्हणजे सांगितलेल्या वेगानं सरळ कापत जा. जी-०२ आणि जी-०३ हे घड्याळाच्या दिशेचे आणि उलटे वळसे. एम-०३ स्पिंडल चालू, एम-०५ बंद. फाइलच्या डोक्यावर जी-२१, म्हणजे आकडे मिलीमीटरमध्ये. हा राहिला आणि यंत्रानं आकडे इंचात धरले तर काय होतं ते सांगायची गरज नाही. चित्रातून हा कोड काढायला फ्रीकॅड पुरेसं आहे, फुकट आहे आणि कुणाच्या परवान्यावर अवलंबून नाही. यंत्राकडे फाइल पाठवायला कँडल किंवा युनिव्हर्सल जीकोड सेंडर.

नवशिक्याचा सगळ्यात मोठा घोळ फीडमध्ये होतो, आणि तो धाडसामुळं होत नाही, भीतीमुळं होतो. कटर मोडेल म्हणून तो फीड कमी करतो. आता हिशेब बघा. छोट्या यंत्राची मोटार मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरते. कटरला दोन दात. म्हणजे मिनिटाला वीस हजार वेळा दात लाकडाला भिडतो. फीड ६०० मिलीमीटर ठेवला तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०३ मिलीमीटरचा छिलका येतो, तो सुटून बाहेर पडतो आणि आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. भीतीनं फीड १०० वर आणला तर दाताला मिळतात ०.००५ मिलीमीटर. एवढ्या पातळ थरात दाताची धार शिरत नाही, ती घासते. घासलं की तापतं, लाकूड काळं पडतं, कटर निळा होऊन बोथट होतो आणि मग खरोखर मोडतो. कमी करायची ती खोली. एमडीएफमध्ये एका वेळी एक मिलीमीटर, ॲल्युमिनियम कापायचंच झालं तर ०.१ ते ०.२. कानही लावून ठेवावा. कापताना एकसारखा आवाज यावा. किंचाळायला लागला की काहीतरी बिघडलंय.

एमडीएफची धूळ बारीक आणि छातीला वाईट असते, सर्किट बोर्डातल्या काचेची त्याहून वाईट. लेथवाल्यांचा नियम इथंही लागू: फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नकोत, लोंबती बाही नको, ओढणी नको. आणि यंत्र चालू ठेवून चहाला जायचं नाही. बोथट कटर एका जागी फिरत राहिला तर एमडीएफ पेट घेऊ शकतो.

आता पॅटर्नकडे. कोल्हापूरची ओळख आज ओतकामासाठी आहे. ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टर-ट्रकच्या सुट्या भागांपर्यंत बिडाचा माल इथल्या शेकडो भट्ट्यांतून जातो. प्रत्येक कास्टिंगच्या आधी साच्याच्या वाळूत आकार उमटवणारा एक पॅटर्न असतो, आणि हातानं सागवानी पॅटर्न घडवणारे मेस्त्री आता पूर्वीइतके सहज मिळत नाहीत. या गावात यंत्रविद्या लाकूडकामाच्या घरांतूनही वर आली. चित्रपटकार बाबूराव पेंटर हे मूळचे बाबूराव मेस्त्री. त्यांचे थोरले भाऊबंद आनंदराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायचं मनावर घेतलं आणि १९१६ मध्ये ते वारले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांच्या मदतीनं तो १९१८ मध्ये पुरा केला आणि पुढं त्यावर 'सैरंध्री' हा चित्रपट उतरवला. ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला चार भोकं असतात. दर खेपेला फिल्म बरोबर तेवढीच सरकली नाही तर पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम त्यांनी हातानं साधलं.

आपला नवशिका त्यापेक्षा साधं काम घेईल. समजा बेअरिंगचा छोटा ब्रॅकेट हवा आहे, तळ १२० बाय ८० मिलीमीटर, बीड. पॅटर्न १२० चा करून चालत नाही. बीड गोठताना आणि थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न १२१.२. तळ नंतर मशिनिंग होणार, तर तिथं अडीच-तीन मिलीमीटर मटेरियल जास्त. ॲल्युमिनियम ओतायचं असेल तर आकस वेगळा, दीड टक्क्याच्या आसपास, म्हणून धातू बदलला की पॅटर्नही बदलतो. सुताराकडे यासाठी आकस धरलेली वेगळी पट्टी असते. आपण चित्र १.०१ नं मोठं करून घेतो. यंत्राचा इथं खरा फायदा होतो.

मग ड्राफ्ट. पॅटर्न वाळूतून उचलताना भिंती सरळ उभ्या असतील तर वाळू सोबत उखडते. म्हणून भिंतींना एक-दीड अंशाचा उतार. १८ मिलीमीटरच्या एमडीएफला दीड अंश म्हणजे तळाशी आणि माथ्याशी साधारण अर्ध्या मिलीमीटरचा फरक. सरळ कटर उतार कापत नाही, तेव्हा गोल टोकाचा कटर ०.३ मिलीमीटर सरकवत पूर्ण पृष्ठभागावरून फिरवायचा. ८० मिलीमीटर रुंदीत सुमारे २६७ फेऱ्या, प्रत्येक १२० मिलीमीटरची, म्हणजे ३२ मीटरचा प्रवास. ८०० च्या फीडनं चाळीस मिनिटं, वळणं धरून पाऊण तास. गोल टोकामुळं आतल्या कोपऱ्यात आपोआप गोलाई येते, ती ओतकामाला हवीच असते. तीक्ष्ण कोपऱ्यात बीड तडकतं. पॅटर्न १८ पेक्षा जाड असेल तर दोन फळ्या वेगळ्या कापून पिनांवर जुळवायच्या.

हे घेऊन पॅटर्नच्या मेस्त्रीकडे गेलं की गंमत होते. ते व्हर्निअर मागत नाहीत. पॅटर्न उलटा करतात, अंगठ्याचं नख भिंतीवरून खालीवर ओढतात.

"ह्यो वाळूतनं निघायचा न्हाई, पोरा."

"मामा, दीड अंश ड्राफ्ट दिलाय की."

"दिलायस. खालच्या अर्ध्याला उलटा दिलायस."

चित्रात दोन अर्धे एकावर एक असतात. खालचा अर्धा पालथा करून कापताना उतारही पालथा होतो, आणि संगणकाला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्यानं शंभर साचे भरलेत त्याच्या नखाला ते एका ओढीत कळतं. ती चूक एमडीएफच्या तुकड्यात उघडी पडली तर नुकसान तीस रुपयांचं. तीच साच्यात गेली तर वाळू, बीड, भट्टीवाल्याचा वेळ आणि आपली पत, सगळंच गेलं.

आणखी एक इथलीच गोष्ट. एमडीएफ पाणी पितो. साच्याची वाळू ओली असते आणि जून ते सप्टेंबर हवाही ओली. पॅटर्नला सीलरचे दोन-तीन हात देऊन, घासून, वर रंग दिल्याशिवाय तो फाउंड्रीत नेऊ नये; कडा फुगून येतात आणि मोजून दिलेला अर्धा मिलीमीटर नाहीसा होतो. पावसाळ्यात यंत्राच्या स्क्रूंना तेल द्यावं आणि बळीची फळी महिन्यातून एकदा पुन्हा सपाट करून घ्यावी. पॅटर्नवर शेपन्नास साचे निघायचे असतील तर एमडीएफचा नाद सोडून टूलिंग बोर्ड घ्यावा. महाग आहे, पण पाणी पीत नाही आणि छान कापला जातो.

पितळेची पाटी कोरणं, सर्किट बोर्ड, हुपरीच्या चांदीकामासाठी मेणाचा नमुना, ही कामंही या यंत्रावर होतात. पोलाद होत नाही. व्हिडिओत होताना दिसतं, कारण एका तासाचं किंचाळणं त्यांनी अर्ध्या मिनिटात दाबलेलं असतं.

कास्टिंग हातात आल्यावर बोअर आणि तळ व्हीएमसीवर जाणार. तिथं आपली जी-कोडची फाइल नेऊ नये. जीआरबीएलला टूल बदलणं ठाऊक नाही. मोठ्या कंट्रोलला एम-०६ लागतो, प्रत्येक टूलच्या लांबीचा ऑफसेट जी-४३ नं द्यावा लागतो. आपली फाइल तिथं तशीच चालवणं म्हणजे दुसऱ्याचा स्पिंडल धोक्यात घालणं. त्रिमितीय चित्राची स्टेप फाइल द्यावी आणि सोबत कागदावरचं ड्रॉइंग. त्यावर फिट कुठं हवा आणि कुठं अर्धा मिलीमीटर इकडंतिकडं चालेल ते लिहावं. नाहीतर शॉपवाला सगळंच काटेकोर धरून दर लावतो. आणि डेटम, म्हणजे मापांची सुरुवात, कुठल्या पृष्ठापासून ते लाल पेनानं दाखवावं, कारण ऑपरेटर पहिल्यांदा तेच विचारतो.